मिठाच्या रस्त्यावरची मोटार

डेट्रॉइट हे नाव उच्चारताच मोटारींचे कारखाने डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु या शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर, आणखी एक जग आहे आणि त्याची वार्ता बाहेरच्यांना क्वचितच असते. चाळीस कोटी वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर एक उथळ समुद्र पसरलेला होता. तो आटत गेला आणि मागे मिठाचे जाड थर राहिले. १८९५ साली ते सापडले, १९१० साली खाणीत उतरण्याचा पहिला उभा मार्ग पूर्ण झाला. अरुंद मार्गातून अवजड यंत्रे सबंध उतरवता येत नसत. म्हणून त्यांचे भाग सुटे करून खाली नेत आणि तेथे पुन्हा जुळवीत. मधली काही वर्षे बंद राहिलेली ही खाण आज पुन्हा चालू आहे आणि तिच्यातले मीठ जेवणाच्या ताटात नव्हे, तर प्रामुख्याने रस्त्यांवर पडते. ज्या नगरीने जगाला मोटारीची सवय लावली, तिच्याच पायाखालचे मीठ दर हिवाळ्यात मोटारींचा पत्रा खात असते.

तेथून फार दूर नसलेल्या कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, ह्युरॉन सरोवराच्या काठावर गोडरिच नावाचे छोटे गाव आहे. तेथील खाण सरोवराच्या तळाखाली पसरली असून भूमिगत मिठाच्या खाणींत ती जगात सर्वांत मोठी मानली जाते. महासरोवरांच्या परिसरातील हिवाळा आणि मीठ यांचे नाते असे भूगर्भापासूनचे आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना, जावई याच पट्ट्यात, म्हणजे मिशिगन, ओहायो, इलिनॉय, ओंटारिओ या भागांत नोकरी-शिक्षणासाठी वास्तव्य करून आहेत. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात मराठी अभियंत्यांची संख्या लक्षणीय आहे. नव्याने गेलेले कुटुंब पहिल्या वर्षी बहुधा जुनी गाडी विकत घेते आणि पहिल्या हिवाळ्यानंतर तिच्या चाकांवरच्या कमानींवर तपकिरी फोड पाहून चकित होते. काहींनी कर्ज काढून नवी गाडी घेतलेली असते. हप्ते पाच-सहा वर्षांचे असतात. त्यांच्या आधी गाडीचा पत्रा संपू लागला, तर तो व्यवहार कोणाच्याच हिताचा नाही. म्हणून या हिवाळ्याची आणि त्यात गाडीचा रंग कसा राखावा याची माहिती येथे थोडी विस्ताराने देत आहोत.

थंडी नव्हे, मीठ

बर्फावर मीठ टाकले की तो वितळतो, हे आपण आइस्क्रीमच्या हातपॉटमुळे लहानपणापासून जाणतो. शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. पाण्यात दहा टक्के मीठ असेल तर ते सुमारे उणे सहा अंशांपर्यंत द्रवरूप राहते, वीस टक्के असेल तर उणे सोळा अंशांपर्यंत. रस्त्यांवर मीठ टाकण्याचे प्रयोग अमेरिकेत १९३८ साली न्यू हॅम्पशायर राज्यात सुरू झाले. त्यापूर्वी वाळू, राख, खडी यांवर भागवत असत. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे पसरले, लोक शहराबाहेर राहावयास गेले आणि बर्फ पडो वा न पडो, सकाळी आठ वाजता कामावर पोहोचले पाहिजे ही अपेक्षा रूढ झाली. ती पूर्ण करण्याचे काम मिठाने केले. आज अमेरिकेत दरवर्षी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. त्यामुळे अपघात टळतात, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचतात. तेव्हा मिठाला केवळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल.

साध्या मिठाची शक्ती मात्र उणे नऊ-दहा अंशांच्या खाली मंदावते. म्हणून अधिक थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. अनेक ठिकाणी वादळ येण्यापूर्वीच रस्त्यावर खारे पाणी फवारून ठेवतात. कोरड्या रस्त्यावर दिसणाऱ्या समांतर पांढऱ्या रेघा त्याच्याच. काही नगरपालिका त्यात बीटचा रसही मिसळतात. गाडीच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग असा, की हे क्षार हवेतले बाष्प ओढून घेतात. साधे मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेल्यावर ओले होते. मॅग्नेशियम क्लोराइड मात्र ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरू लागते. म्हणजे आकाश निरभ्र, रस्ता कोरडा, गाडी वरून सुकलेली. तरी तिच्या सांध्यांत, कमानींच्या आत आणि खालच्या पत्र्यावर एक अदृश्य खारट ओल टिकून राहते. गंजाला याहून अधिक काही लागत नाही.

येथे एक सर्वसाधारण गैरसमज दूर केला पाहिजे. मीठ रंगाला थेट फारसे खात नाही. आधुनिक गाडीचा वरचा पारदर्शक थर मिठाच्या पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. मीठ वाट पाहते ते रंगाला पडणाऱ्या छिद्राची. थंडीचा भाग असलाच तर तो एवढाच, की कडाक्याच्या थंडीत रंगाचे थर ठिसूळ होतात आणि उडालेल्या खड्याने त्यांचा टवका सहज निघतो.

केसाहून थोडेसे जाड

गाडीचा रंग म्हणजे एकच थर नव्हे. कारखान्यात पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया करतात, म्हणजे पुढचा थर घट्ट धरला जातो. नंतर गाडीचा सबंध सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने प्राथमिक लेप चढवतात. या पद्धतीचे मोठेपण असे की ब्रश किंवा फवारा जेथे पोहोचू शकत नाही अशा पोकळ जागांतही हा लेप बसतो. त्यावर प्रायमर, त्यावर रंगीत थर आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला गॅरेजमध्ये क्लिअर कोट म्हणतात. या सर्वांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. काही लाख रुपयांची वस्तू आणि गंज यांच्यामध्ये दोन केसांएवढे अंतर असते, हे लक्षात ठेवले म्हणजे कडक झाडूने बॉनेटवरचा बर्फ लोटण्याचा मोह होत नाही.

या कवचाचा इतिहासही मनोरंजक आहे. १९२० च्या दशकाआधी गाडीचा रंग वाळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. १९२३-२४ साली ड्युको नावाचा नवा लॅकर आला आणि हा अवधी काही तासांवर आला. त्यामुळे गाड्या वेगाने रंगवता येऊ लागल्या, रंगांची विविधता आली. गंजाचा प्रश्न मात्र तेथेच राहिला. १९७० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड भागात चार-पाच वर्षांच्या गाडीच्या पत्र्याला भोके पडलेली दिसणे नित्याचे होते. ग्राहकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की त्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या केंद्र सरकारने उत्पादकांसाठी गंजरोधाची ऐच्छिक संहिता आणली. त्याच सुमारास विजेने लेप चढवण्याची सुधारित पद्धत आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा यांचा प्रसार झाला. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. आपल्याकडील छपराच्या पन्हळी पत्र्यांवरही तोच उपाय असतो. आजची गाडी चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकते, ती या दोन गोष्टींमुळे. पण जस्तही कधीतरी संपते.

आता छिद्र पडल्यावर काय होते ते पाहू. पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेला खडा बॉनेटच्या कडेवर, चाकामागच्या भागावर किंवा दारांखालच्या लांब पट्टीवर आदळतो. मोहरीएवढा टवका निघतो. त्यात खारे पाणी शिरते. रात्री गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के प्रसरण पावते आणि टवक्याची कडा किंचित उचलते; दुपारी वितळते, थोडे आणखी आत जाते. दरम्यान लोखंडाचे गंजात रूपांतर सुरू होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा बरीच अधिक जागा लागते, म्हणून तो रंगाला खालून वर ढकलतो. यालाच आपण फोड म्हणतो. फोड दिसतो तेव्हा त्याच्या खालचा भाग दिसतो त्याहून मोठा बिघडलेला असतो. वरून रंग मारून तो झाकणे म्हणजे भिंतीची ओल चुन्याने झाकण्यासारखे आहे.

ऑक्टोबरची कामे

महासरोवरांच्या परिसरात बर्फाची सुरुवात बहुधा नोव्हेंबरात होते. रंगाच्या रक्षणाची खरी कामे त्यापूर्वीची आहेत, कारण मेण, रंगाचा ठिपका, चिकट लेप यांपैकी काहीही नीट बसण्यासाठी साधारण दहा अंशांच्या वर तापमान आणि कोरडा पत्रा लागतो. पहिल्या बर्फानंतर जागा झालेला माणूस उशिरा जागा झालेला असतो.

प्रथम गाडी स्वच्छ धुऊन, सावलीत उभी करून, सर्व बाजूंनी बारकाईने पाहावी. बॉनेटची पुढची कड, छताची काचेलगतची कड, चारही कमानी, दारांच्या खालच्या कडा: टवके याच ठिकाणी सापडतात. प्रत्येक गाडीच्या रंगाला सांकेतिक क्रमांक असतो. तो बहुधा दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीवर दिलेला असतो. त्या क्रमांकाचा रंग छोट्या बाटलीत मिळतो. टवक्यात गंज आला असेल तर तो बारीक घासून काढावा, स्पिरिटने पुसावा, प्रायमरचा ठिपका, मग रंगाचा, मग पारदर्शक थराचा ठिपका द्यावा आणि प्रत्येक वेळी वाळू द्यावा. हा ठिपका जवळून पाहिल्यास दिसतो. दिसू द्यावा. हिवाळ्याशी त्याचा संबंध सौंदर्यापुरता नाही. छिद्र बुजले हे महत्त्वाचे. आमच्या मते या साऱ्या खटाटोपात सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत अधिक फळ देणारे काम हेच आहे, आणि नेमके हेच लोक टाळतात.

त्यानंतर मेण. रंगावर चिकटलेले डांबराचे ठिपके व लोखंडाचे बारीक कण मऊ चिकणमातीसारख्या गोळ्याने काढून, पृष्ठभाग गुळगुळीत करून मगच मेण लावावे. कार्नोबा मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवृक्षाच्या पानांवरचे; ते देखणी चमक देते, परंतु हिवाळ्यातल्या वारंवार धुण्यात दीड-दोन महिन्यांत विरते. कृत्रिम सीलंट चार-सहा महिने टिकतात, म्हणजे एक हिवाळा निभतो. अलीकडे सिरॅमिक लेपाचा बोलबाला आहे. तो चांगला लावल्यास काही वर्षे टिकतो आणि धुणे सोपे करतो. पण यांपैकी कोणताही थर खडा अडवत नाही. ते काम फक्त पॉलियुरेथेनच्या पारदर्शक पट्टीचे, आणि ती महाग असते. सबंध गाडीला गुंडाळण्यापेक्षा बॉनेटची पुढची कड, बंपर आणि चाकामागचा भाग एवढ्यापुरती लावल्यास खर्च आवाक्यात राहतो. चाकामागे चिखल अडवणारे रबरी पडदे लावणे हा त्याहूनही स्वस्त आणि जुना उपाय. ते दिसायला साधे असतात, म्हणून नव्या गाड्यांवर क्वचित दिसतात.

धुण्याचा मुहूर्त

हिवाळ्यात गाडी धुवावी की नाही, यावर तेथील शेजाऱ्यांत वाद चालतो. एक पक्ष म्हणतो, उद्या पुन्हा मळणारच, मग धुवायची कशाला? दुसरा पक्ष दर शनिवारी रांगेत उभा असतो. आम्ही दुसऱ्या पक्षाचे. परंतु शनिवारापेक्षा तापमापक पाहावा. हवा शून्याच्या वर गेली, रस्त्यावर पाणी वाहू लागले की क्षार सर्वांत जागे असतात. तोच धुण्याचा दिवस. उणे दहा अंशांत धुतलेल्या गाडीची दारे गोठून बसतात, कुलपात बर्फ होतो, आणि मिळत मात्र फार थोडे, कारण एवढ्या थंडीत गंजाची क्रियाही मंद असते. साधारणपणे दहा-पंधरा दिवसांतून एकदा आणि मोठे बर्फ पडून रस्ते निवळल्यावर एकदा, एवढे पुरे.

धुताना खालून वर हा क्रम लक्षात ठेवावा. छत चकचकीत करण्यापेक्षा कमानींच्या आतला भाग, दारांखालची पट्टी, मागच्या बंपरची आतली बाजू आणि गाडीचा तळ अधिक महत्त्वाचा. नाणी टाकून चालणाऱ्या धुलाईच्या ठिकाणी दाबाच्या पाण्याची नळी असते; तिने प्रथम या जागा मोकळ्या कराव्यात. स्वयंचलित धुलाईत जाणार असाल तर ब्रशांचे यंत्र टाळून स्पर्शरहित यंत्र निवडावे, कारण ब्रशांत आधीच्या गाडीची वाळू अडकलेली असते आणि ती आपल्या रंगावर घासली जाते. तळाची धुलाई वेगळ्या दराने मिळते, ती घ्यावीच. पुष्कळ केंद्रे पाण्याचा पुनर्वापर करतात, जे योग्यच आहे. मात्र अखेरची धार ताज्या पाण्याची आहे ना, हे विचारून घ्यावे. मिठाच्याच पाण्याने मीठ धुण्यात अर्थ नाही.

घरी धुवायचे असल्यास भांडी घासण्याचा साबण वापरू नये. तो ऑक्टोबरातले मेण उतरवून टाकतो. गाडीचा शॅम्पू, दोन बादल्या, मऊ हातमोजा आणि मायक्रोफायबरचे फडके पुरते. दारांच्या रबरी पट्ट्या पुसून कोरड्या कराव्यात आणि त्यांवर सिलिकॉनचा हात फिरवावा. नंतर दोन-चार किलोमीटर गाडी फिरवून आणावी, म्हणजे ब्रेकवरचे पाणी उडते.

बर्फ काढतानाही रंग जपावा लागतो. काचेवरचा बर्फ खरवडण्याचे स्क्रेपर फक्त काचेसाठी आहे. पत्र्यावरचा भुसभुशीत बर्फ फोमच्या फावडीने, पत्र्याला न टेकवता, वरच्या वर लोटावा. शेवटचे दोन सेंटिमीटर राहिले तरी बिघडत नाही. काचेवर उकळते पाणी ओतण्याचा उत्साह कोणी दाखवू नये; काच तडकते. आणि मळलेल्या गाडीवर ताडपत्रीसारखे आवरण घालून ठेवणेही वाईट: वाऱ्याने ते हलते आणि खालची वाळू रंगावर घासते.

ऊबदार गॅरेजचा फसवेपणा

घराला जोडलेले, तापवलेले गॅरेज ही तेथे प्रतिष्ठेची गोष्ट समजली जाते. सकाळी काच खरवडावी लागत नाही, गादी गार लागत नाही. पण गंजाचे रसायनशास्त्र ऊब ओळखते. रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो, आणि दर दहा अंशांना तो साधारण दुपटीच्या आसपास जातो असा ढोबळ अंदाज आहे. मिठाच्या चिखलाने माखलेली गाडी रोज संध्याकाळी पंधरा अंशांच्या बंद खोलीत उभी करणे म्हणजे गंजासाठी रोज रात्री चूल पेटवून देणे. तीच गाडी बाहेर उणे आठ अंशांत उभी असती, तर कमी झिजली असती. गॅरेज असेल तर एकतर ते थंड ठेवावे, किंवा गाडी आत घेण्यापूर्वी तिचा तळ धुऊन काढावा आणि खोलीत हवा खेळती ठेवावी.

आतल्या बाजूचाही विचार व्हावा. बुटांना चिकटून आलेले मीठ पायपुसण्यांतून गालिच्यात उतरते आणि गाडीची जमीन आतून गंजू लागते. कड असलेल्या खोल रबरी ट्रे घालाव्यात व आठवड्याला रिकाम्या कराव्यात. दारांच्या तळाशी बारीक भोके असतात, पाणी निचरून जाण्यासाठी. ती चिखलाने बुजली की दार म्हणजे पाण्याची टाकी होते. काडीने ती मोकळी करण्यास मिनिटभर लागते.

काय विकत घ्यावे, काय नाकारावे

नवी गाडी घेताना विक्री केंद्रात गंजरोधाचे नाना उपाय पुढे केले जातात. त्यांतला तेलकट फवारा, जो दर शरदात गाडीच्या तळाला आणि पोकळ भागांत मारतात, तो खरोखर उपयोगी आहे. तेल सांध्यांत झिरपते आणि पाणी दूर ठेवते. मात्र तो दरवर्षी करावा लागतो आणि पहिले काही दिवस अंगणात ठिबकतो. रबरासारखा जाड काळा लेप मात्र जपून घ्यावा. त्याला एकदा चीर गेली की पाणी आत शिरते आणि बाहेर पडत नाही. वरून सर्व ठीक दिसते आणि आत पत्रा कुजत असतो.

बॅटरीला जोडायची, विजेच्या प्रवाहाने गंज थांबवणारी पेटी हा तिसरा प्रकार. जहाजांचे तळ, जमिनीतले नळ यांचे विजेने रक्षण करतात हे खरे. पण जहाज सतत पाण्यात असते, नळ ओल्या मातीत असतो. प्रवाहाला परतण्याचा अखंड मार्ग मिळतो. गाडी हवेत असते. तिच्या बॉनेटवरच्या टवक्यापर्यंत तो प्रवाह पोहोचावा कसा? अशा एका उपकरणाच्या विक्रेत्यावर अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने १९९० च्या दशकात कारवाईही केली होती. हे पैसे टवके बुजवण्यात आणि धुलाईत घालावेत.

हमीपत्राची भाषा वाचावी, हा सल्ला बँकेच्या मासिकात आला तर वाचकांना नवल वाटू नये. गंजाविरुद्धची हमी बहुधा पत्रा आतून बाहेर आरपार सडला तरच लागू होते. वरून खड्याने पडलेला टवका व त्यातून आलेला गंज सहसा तिच्या बाहेर असतो. विम्याचेही तेच: अपघाताची भरपाई मिळते, हळूहळू होणाऱ्या झिजेची नाही. धुलाईच्या आणि फवाऱ्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात; हमीचा दावा करताना आणि गाडी विकतानाही त्या कामी येतात.

रंगाआड दडलेले

हा सारा प्रपंच केवळ देखणेपणासाठी असता, तर आम्ही एवढी पाने खर्च केली नसती. रंगावरचा फोड ही दिसणारी खूण आहे. ज्या मिठाने तो आणला, तेच मीठ न दिसणाऱ्या जागी ब्रेकच्या पोलादी नळ्यांवर, इंधनाच्या नळीवर आणि चाकांच्या आधारांवरही बसलेले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली ब्रेकच्या गंजलेल्या नळ्यांविषयी सूचना काढली. मीठ टाकल्या जाणाऱ्या राज्यांतील २००७ व त्यापूर्वीच्या गाड्यांच्या मालकांनी गाडीचा तळ नियमित धुवावा आणि नळ्या तपासून घ्याव्यात, असे तीत सांगितले होते. नळी फुटली की द्रव गळतो आणि ब्रेकचे पायदान एकाएकी खाली जाते. घसरत्या रस्त्यावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

म्हणूनच नव्याने गेलेल्या तरुणांना जुनी गाडी घेताना घाई करू नये असे आवर्जून सांगावेसे वाटते. गाडी कोणत्या राज्यात फिरली आहे ते पाहावे. ॲरिझोनातील दहा वर्षांची गाडी ओहायोतील पाच वर्षांच्या गाडीपेक्षा तळाकडून अधिक तरुण असू शकते. कमानींच्या आत बोट फिरवून पाहावे. दारांखालच्या पट्टीला छोटे लोहचुंबक लावून पाहावे. चिकटले नाही तर तेथे पोलाद नसून पुटी भरलेली असण्याचा संभव मोठा. गॅरेजमध्ये गाडी उचलून तळ पाहू देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर त्याचा नकार हेच उत्तर समजावे. तपासणीचे शुल्क थोडे असते.

आपल्याकडे

येथवर वाचलेले भारतातील वाचक विचारतील, आमच्या रस्त्यांवर मीठ कोण टाकते? आपल्या किनारपट्टीवर ते काम वारा करतो. रत्नागिरी, मालवण, पणजी, मुंबई येथे समुद्रावरून येणारी हवा मिठाचे सूक्ष्म कण पत्र्यावर आणून बसवते. आर्द्रता वर्षातले कित्येक महिने ७५ टक्क्यांच्या वर असते, आणि तापमान मिशिगनच्या जानेवारीपेक्षा तीस-चाळीस अंशांनी अधिक असते. म्हणजे ऊबदार गॅरेजविषयी जे सांगितले ते कोकणातल्या प्रत्येक अंगणास लागू आहे. तेथे मेण लावण्याचा आणि टवके बुजवण्याचा महिना ऑक्टोबर नसून मे आहे, पहिल्या सरीच्या आधीचा. आणि चाकांच्या कमानींत अडकलेला तांबडा चिखल ओल धरून ठेवतो, तो पावसाळाभर पाण्याच्या धारेने काढत राहावा. पाऊस गाडी धुतो अशी समजूत आहे. पाऊस छत धुतो. कमानीच्या आत तो चिखलच भरतो.

लडाखची गोष्ट वेगळी. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे, त्यामुळे गंज सावकाश चढतो. तेथे रंगाचा वैरी सूर्य. उंची वाढते तसे अतिनील किरण तीव्र होतात, ताज्या बर्फावरून ते मोठ्या प्रमाणात परावर्तित होतात, आणि पारदर्शक थरातील किरण शोषणारे घटक संपत जातात. मग छतावरचा आणि बॉनेटवरचा थर पांढुरका पडून पापुद्र्यासारखा निघतो. सैन्यातील किंवा बदलीवर गेलेल्या आपल्या ग्राहकांनी तेथे मिठाची चिंता करण्याऐवजी गाडी भिंतीच्या सावलीत उभी करण्याची, अतिनील किरण अडवणारे सीलंट लावण्याची आणि कोरड्या फडक्याने धूळ न पुसण्याची काळजी घ्यावी. लडाखची धूळ बारीक आणि कठीण असते. कोरडे फडके फिरवले की ती पॉलिश पेपरचे काम करते. आधी पाणी शिंपडावे, आणि तेही सूर्य वर आल्यानंतर, पत्रा गोठलेला नसताना.